न प्यालेल्या दारूची माफी

हे मी कोणासाठी लिहितो आहे ते आधी सांगतो. ज्यांचे हातपाय अचानक त्यांचं ऐकेनासे झाले आहेत, आणि घरचे, शेजारचे, देवळातले सगळे 'हा पितो' असं ठरवून मोकळे झाले आहेत, त्यांच्यासाठी. आणि ज्यांनी माझं तोंड हुंगलं त्यांच्यासाठीही. त्यांनी हे वाचावं अशी माझी फार इच्छा आहे.

लिहितो म्हणालो, पण हात सरोजचा आहे. सरोज माझी बायको. माझं अक्षर पहिल्या ओळीला बोराएवढं निघतं आणि तिसऱ्या ओळीला मोहरीएवढं होतं, म्हणून मी सांगतो आणि ती उतरवते. मध्येच थांबून ती म्हणते, "अजी, हे कायले लिवा लागते? देवळातले मास्तर म्हातारे झाले आता." मी म्हणतो, लिही. ती तोंड वाकडं करते आणि लिहिते.

चक्की

तुमसरच्या पलीकडे जमिनीत मँगनीज आहे. तिकडच्या एका ठेकेदाराच्या चक्कीवर मी कामाला होतो. दगड फोडायचे, दळायचे, भुकटी पोत्यांत भरायची. ती चक्की आता नाही आणि ठेकेदारही नाही, त्यामुळे त्यांच्याशी भांडायची माझी हौस राहून गेली. भुकटी काजळासारखी काळी आणि मऊ असे. ती नाकात, कानात, डब्यातल्या भातात, सगळीकडे जाई. घरी येऊन थुंकलो की अंगणात शाई सांडल्यासारखं दिसे. आम्ही तिला धूळ म्हणायचो. धुळीनं कोणी मेल्याचं आम्ही ऐकलं नव्हतं. नवीन आलेला एखादा तोंडाला फडकं बांधायचा, तर आम्ही 'नवरीबाई आली' म्हणून त्याला इतकं चिडवायचो की दुसऱ्या दिवशी तो फडकं घरी ठेवून यायचा.

आमची घरं ख्रिस्ती. वस्तीत अशी थोडीच घरं, एक कौलारू देऊळ, आणि पाळकसाहेब महिन्यातून एकदा बाहेरून यायचे. एरवी मंडळीचा कारभार वडील लोकांच्या हाती. वडील म्हणजे मंडळीनं निवडलेले पंच. आमच्या आजोबांच्या पिढीत मिशनच्या साहेबानं सगळ्यांकडून दारू न पिण्याची शपथ घेतली होती. आम्हाला वारशात शेत आलं नाही, शपथ आली. आजूबाजूला सगळी मोहाची झाडं, फुलं पडायला लागली की हवासुद्धा गोड लागते, आणि त्या हवेत आम्ही कोरडे राहायचो. प्रभुभोजनाच्या प्याल्यात इतर ठिकाणी द्राक्षारस असतो म्हणतात. आमच्याकडे मनुका उकळून गाळलेलं पाणी. आमच्या मंडळीचा देव दारूच्या बाबतीत फार नाजूक नाकाचा.

पिणारा सापडला की त्याला शेवटचा बाक. तो दाराला लागून होता. उपासनेला बसायचं, गाणी म्हणायची, प्रवचन ऐकायचं, आणि प्रभुभोजनाची वेळ आली की उठून बाहेर जायचं. पुन्हा आत यायचं असेल तर सगळ्यांसमोर उभं राहून पाप कबूल करायचं आणि क्षमा मागायची. नियम साधा होता. तो माझ्यावर येईपर्यंत मलाही तो बरा वाटायचा.

हसू

आधी झोप गेली. मग राग वाढला. भातात खडा लागला म्हणून मी ताट अंगणात भिरकावलं, आणि नंतर स्वतःच कोंबड्यांना हुसकत बसलो. मग पाय जड झाले, टाच टेकेना, चवड्यांवर चालायला लागलो. आणि मग आलं हसू.

हसण्यासारखं काही घडलेलं नसायचं. बस चुकली, हसू. बैल बसला, हसू. आत आनंद नाही, गंमत नाही, काही नाही. उचकी लागावी तसं हसू लागायचं. उचकी लागलेल्याला लोक पाणी देतात.

आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. आमच्या सामुएल मास्तरांची बायको वारली. मास्तर मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, मंडळीतले सगळ्यात मोठे वडील. मला बाराखडी त्यांनी शिकवली, छडीही त्यांचीच खाल्ली. छडी खाऊन रडत निघालो की मास्तरीणबाई मागच्या दारानं हातात गुळाचा खडा ठेवायच्या. अशा बाईची माती. मास्तर वाकले, मूठभर माती पेटीवर टाकली, आणि मी हसलो. मोठ्यानं. तोंडात रुमाल कोंबला तरी थांबेना. सरोज मला दंड धरून बाहेर न्यायला लागली, तर पायात पाय अडकून मी कब्रस्तानाच्या फाटकात उताणा पडलो. पडून वर बघत होतो आणि हसत होतो. मास्तरांनी मान वळवून पाहिलं आणि परत खड्ड्याकडे वळले.

बघणारा काय समजेल, हे मला कळतं. कळतं म्हणून राग कमी होतो असं मात्र नाही.

हुंगणारे

मी कामावरून आलो की सरोज डबा घ्यायला दारात यायची. पूर्वी लांबूनच हात पुढे करायची. आता अगदी जवळ यायला लागली, मान जरा तिरकी करून. मला वाटलं, चला, मुलगी लग्नाला आली तेव्हा बायकोला प्रेम फुटलं. मग एका संध्याकाळी लक्षात आलं की ती श्वास आत ओढते आहे. मी दारातच बसलो. या रोगानं माझं पुष्कळ काही नेलं, पण त्या एका श्वासानं नेलं तेवढं नाही नेलं. (इथं ती थांबली आहे. लिही, म्हटलं.)

तुमसरच्या डॉक्टरनं जीभ पाहिली, पोट दाबलं आणि विचारलं, "रोज किती घेता?" मी घेत नाही म्हणालो. तो कंपाउंडरकडे बघून हसला आणि लिव्हरच्या औषधाची बाटली दिली.

वास येत नाही, हा माझ्या बाजूचा पुरावा आहे असं मी समजून चाललो होतो. वस्तीनं त्याचीही सोय केली. दाढ दुखायची म्हणून मी लवंग चघळायचो. "दारूचा वास दाबाले लवंगा खाऊन राहिला," असं ठरलं. एकदा ठरलं की सगळंच त्यात बसतं. पडला तर प्यालेला, आणि नीट चालला तर आज मिळाली नसेल.

शेवटी वडील लोकांनी मला मास्तरांच्या ओसरीवर बोलावलं.

"प्रभाकर, कबूल करून टाक," मास्तर म्हणाले. "मंडळी तुझी वाट पाहून राहिली. क्षमा तयार आहे."

"कायची क्षमा, मास्तर? मी पेलोच नाही."

"पापी मानूस पहिले असंच म्हनते."

"आन् जो पापी नसते, तो काय म्हनते?"

दुसरे एक वडील मध्ये पडले. "मास्तर, याची जीभच पाहा ना. कशी जड झाली. आताही पिऊनच आला."

मास्तरांनी त्यांना हातानं थांबवलं. ते हळू आवाजात म्हणाले, "तिच्या मातीवर हसला तू." आणि आत निघून गेले. पुढच्या रविवारपासून मला शेवटचा बाक मिळाला.

बाकावरचा सोबती

त्या बाकावर आधीपासून एक जण बसत होता. योहान. खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. तो खरंच प्यायचा, आणि तसं सांगायचा. कबुली देऊन, रडून, क्षमा घेऊन तो पुष्कळदा आत गेला होता आणि पुष्कळदा मागे आला होता. देऊन देऊन त्याच्या कबुलीची किंमत संपली होती. वडील आता त्याला कबूल करायलाही बोलवत नसत.

मी जाऊन बसलो तसा तो सरकला, जागा केली आणि कानात म्हणाला, "कोन्या भट्टीची पेतं बे तू? मले तं पेल्यावर एवढं हसू नाही येत. पत्ता सांग ना."

मला त्याला मारावंसं वाटलं. हात वर उचलला असता तर माझाच तोल गेला असता, म्हणून नाही मारलं. मी म्हणालो, मी तुझ्यासारखा नाही. तो म्हणाला, "मीही पहिले असाच म्हनो."

प्रभुभोजनाची वेळ झाली की आम्ही दोघं उठायचो. बाहेर चिंचेखाली उभं राहायचो. आतून गाणं ऐकू यायचं. माझ्या बाहेर उभं राहण्याची मला लाज वाटायची, पण त्याहून जास्त भूक लागायची. तो मनुकांच्या पाण्याचा घोट मला हवा होता. महिनाभर चक्कीची भुकटी गिळल्यावर तेवढा एक घोट असा होता की जो घशाखाली उतरला की वाटायचं, आत अजून कुठेतरी स्वच्छ जागा आहे. तो मिळवायला फक्त एक वाक्य म्हणायचं होतं. मी प्यालो, मला क्षमा करा.

सरोज म्हणायची, "म्हनून टाका ना एकदाचं. तोंडाचं काय जाते? उद्या पोरीचं लग्न लागन, बाप काय चिंचेखाली उभा रायनार?"

"तोंडाचं नाही जात. माझं जाते."

"तुमचं का सोन्याचं आहे?"

घरात हेच चालायचं. मुलगी मध्ये पडायची नाही, भांडी घासायला निघून जायची. खोटं बोलून प्रभूच्या मेजाशी बसलो तर तो घोट मला लागणार नाही, हे मी सरोजला समजावू शकलो नाही. तिला वाटायचं मी ताठ आहे. ताठ तर मी होतोच, पाठीचा कणासुद्धा वाकत नव्हता.

करडी

सरोजचं माहेर करडीचं. धानाची शेती, घर हिंदू. लग्नानंतर ती आमच्या मंडळीत आली. चक्कीतून मला काढल्यावर ती मला तिथं घेऊन गेली. विश्रांतीसाठी, असं म्हणाली. मला आणि तिलाही माहीत होतं की ती मला पाळतीवर ठेवायला नेते आहे.

तिथं ती माझी पाठ सोडेना. मी परसात गेलो तरी ती दाराशी. भट्टी कोसभर लांब, खिशात दिडकी नाही, आणि पहारा असा की कैद्यालाही लाज वाटावी. तरी मी पडतच होतो. एका सकाळी बांधीच्या धुऱ्यावर उभा होतो. बांधी म्हणजे धानाचं शेत, धुरा म्हणजे त्याचा बांध. समोरून सासूबाई आल्या, त्यांना वाट द्यायला मी एक पाऊल मागे घेतलं. पाय थांबेचनात. मागे, आणखी मागे, आणि धपकन चिखलात उताणा. सासूबाई किंचाळल्या, "अवो माय! याले तं कोनं धरलं!"

भूत लागलं म्हणून त्या मांत्रिकाकडे माणूस धाडायला निघाल्या. त्यांच्याबद्दल मला आजही प्रेम वाटतं. सगळ्या जगात त्या एकट्याच होत्या ज्यांनी माझा दोष काढला नाही. भुतानं धरलेला माणूस निदान निर्दोष असतो.

सरोज धुऱ्यावर उभी होती. मला उचलायलाही आली नाही, नुसती बघत होती. मग म्हणाली, "माय, मांत्रिक नको. मी यायले नागपूरले नेतो."

निदान

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात ओळीत बसून बसून अंग आंबलं. मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. तोंड हुंगायला त्या जवळ येतील म्हणून मी आधीच मान वळवली. त्या आल्या नाहीत. चाला म्हणाल्या, चाललो. वळा म्हणाल्या, तर वळता वळता कपाटावर गेलो. नाव लिहा म्हणाल्या, तर 'प्रभाकर'मधला शेवटचा 'र' कागदावर शोधावा लागला. मग त्यांनी ते विचारलं जे तोवर कोणीच विचारलं नव्हतं.

"काम काय करता?"

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. धुळीबद्दल विचारलं, हसण्याबद्दल विचारलं. हसण्याबद्दल त्यांना कुठून कळलं म्हणून मी बघतच राहिलो. मग म्हणाल्या, मँगनीजची भुकटी श्वासातून डोक्यात गेली आहे, तिनं हे केलं. चक्की सुटली हे बरं झालं, आता वाढणार नाही. पण झालं ते सगळं परत येणार नाही.

सरोजनं विचारलं, "म्हंजे हे पेत नोहोते?"

"दारूनं असं होत नाही."

सरोज रडायला लागली, मग हसायला लागली, मग डॉक्टरीणबाईंचे हात धरून म्हणाली, "बरं झालं बाई, बरं झालं, हे बिमार आहेत!" नवऱ्याला बरा न होणारा रोग आहे हे ऐकून इतकी खूश झालेली बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असेल.

मी त्या दिवशी सरोजशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती मोसंबी सोलता सोलता म्हणाली, "मी हुंगत होती. पन सोडून गेली का?" मी फोड घेतली. तेवढाच आमचा समेट.

ज्यांच्या घरी असं काही चाललं असेल त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. तोंड हुंगण्याआधी विचारा, हा माणूस दिवसभर कशात श्वास घेतो.

वॉर्ड

दवाखान्यातले दिवस फिनेलच्या वासानं सुरू व्हायचे आणि भाताच्या वासानं संपायचे. मधे सुया, गोळ्या. शिकणाऱ्या डॉक्टरांचा कळप यायचा. मला चालायला लावायचे, हलकेच मागे ढकलायचे, मी पडायला लागलो की झेलायचे आणि खूश होऊन म्हणायचे, "पुन्हा एकदा." माझ्या पडण्याचं इतकं कौतुक कुठंच झालं नाही.

शेजारच्या खाटेवर सिहोऱ्याचे एक शेतकरी होते, अर्धं अंग गेलेले. त्यांची बायको आपल्या नवऱ्याला भरवून झाली की त्याच चमच्यानं मलाही भरवायची, कारण माझा घास वाटेतच सांडायचा. तिनं जात विचारली नाही, धर्म विचारला नाही, नुसतं "आ करा भाऊ" म्हणायची. माझी हकीकत ऐकून ते शेतकरी म्हणाले, "तुमच्या देवानं बाहेर काढलं त आमच्याकडे या. आमच्याकडे देव बम आहेत, ढीगभर, कोनी ना कोनी ठेवून घेईन."

हळूहळू झोप आली. हसू गेलं. पाय थोडे सुधारले. पण चेहरा तसाच राहिला, मुखवटा चढवल्यासारखा. आत काहीही होवो, वर काही उमटत नाही. आवाजही सपाट झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चिडणं हाही या रोगाचाच भाग आहे. सरोजला हे फारच सोयीचं पडलं. मीठ जास्त झालं म्हटलं तरी ती म्हणायची, "रोग बोलून राहिला." आम्ही परत निघालो तेव्हा मी मास्तरांवर आणि सगळ्या वडिलांवर काय काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. ती म्हणाली, "घरी गेलो का उतरन तुमचा राग, गोळ्या चालू आहेत." मी तिला सांगितलं, यातला रोगाचा किती ते डॉक्टर ठरवोत, पण मास्तरांवरचा राग माझा स्वतःचा आहे आणि त्याला गोळी नाही.

मोकळा

डॉक्टरांचा कागद मास्तरांनी चष्मा लावून वाचला. घडी करून परत दिला.

"देवाचे आभार," ते म्हणाले. "प्रकरण मिटलं. मंडळी तुला मोकळं करते. आता तूही मनात काही ठेवू नको."

मी थांबलो. मला वाटलं, यापुढे आणखी एक वाक्य येईल. आलं नाही. त्यांनी चहा मागवला. मी चहा न पिता निघालो. कपबशी वाजेल याचीही भीती होती, पण खरं कारण ते नव्हतं.

वाटेत योहान भेटला. त्याला बातमी लागली होती. "मंग तू चालला समोर," तो म्हणाला. त्याच्या तोंडाला वास येत होता. मग त्यानं विचारलं, "डॉक्टरनं लिवलं असतं का हा पेते, तं?"

"तं बाहेरच राहिलो असतो."

"हं," तो म्हणाला आणि ट्रककडे गेला. मला त्याचा राग आला. माझ्या सुटकेत त्यानं खडा टाकला होता.

रविवार

पाळकसाहेब आले होते. मी शेवटच्या बाकावरच बसलो, कारण पुढच्या बाकांच्या मधून जाताना पडायची भीती होती. प्रभुभोजनाआधीचं गाणं सुरू झालं तसा योहान उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवून बाहेर गेला. मी पहिल्यांदाच बसून राहिलो.

पाळकसाहेबांना माझी हकीकत कोणीतरी सांगितली असणार. ते माझ्याकडे हात करून म्हणाले, "आपल्या या बंधूला पाहा. किती सोसलं! पण चेहऱ्यावर किती शांती आहे! ज्यांनी दोष दिला त्या सर्वांना त्यांनी क्षमा केली आहे. खरी कृपा अशी दिसते."

सगळ्या माना वळल्या. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आधी माझं हसणं बघून यांनी मला दारुडा केलं, आता माझा लाकडी चेहरा बघून संत करत होते. आत नुसता जाळ चालला होता आणि वर शांती दिसत होती. मी बाक धरून उभा राहिलो.

"मी क्षमा केलेली नाही," मी म्हणालो. आवाज सपाट, त्यामुळे तेही प्रार्थनेसारखंच ऐकू आलं असावं. म्हणून पुन्हा म्हणालो. "मी क्षमा केली नाही. कोनालेच नाही. मास्तरले तं बिलकुल नाही. हा रोगाचा राग नोहोय, माझा आहे. मी पेलो असतो तं यायनं मले आतमंदी घेतलं नसतं. नाही पेलो म्हनून घेऊन राहिले. आन् मनात असं ठेवून प्याला घेनं बराबर नाही, हे मले मालूम आहे. म्हनून मी बाहेर जातो."

सरोज बायकांच्या बाजूला बसली होती. तिनं मान खाली घातली. मी दाराकडे वळलो. वळणं मला सगळ्यात अवघड जातं. पाय जागच्या जागी थरथरत राहिले, पुढे सरकेनात. सगळं देऊळ माझ्या पाठीकडे बघत होतं आणि मला साधं रागावून निघूनही जाता येत नव्हतं.

तेवढ्यात पावलं ऐकू आली. मास्तर मेजावरून प्याला उचलून मधल्या वाटेनं येत होते. पाळकसाहेब काहीतरी म्हणाले, त्यांनी ऐकलं नाही. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. देवळात नेहमी पुस्तकी बोलणारा तो माणूस, तेव्हा मात्र ओसरीवरचं बोलला.

"मीनंही नाही केली," ते म्हणाले. "तुले बिमारी होती, कागद वाचला मी. पन ती खड्ड्यात होती आन् तू हासला. रोज आयकू येते मले. माफ कराचं म्हनतो, होत नाही. तुले माफी मागाले पाह्यजे होती मीनं, तेही होत नाही." मग म्हणाले, "पी."

त्यांनी प्याला माझ्या ओठांना लावला. घोटातलं निम्मं सदऱ्यावर सांडलं, निम्मं पोटात गेलं. त्या पाण्याची गोड चव जिभेवर आली आणि मी रडलो. चेहऱ्यावर काही दिसलं नसेल. मास्तर परत गेले नाहीत. माझ्याच प्याल्यातलं उरलेलं तिथंच उभ्यानं प्याले.

राग गेला का, असं हे वाचून कोणी विचारील. नाही गेला. तो घरात आहे, सरोज त्याच्याही ताटात वाढते. पण त्या दिवशी तो असतानाही मला वाढलं गेलं. ते मी मागितलं नव्हतं, आणि देणाऱ्याकडेही ते द्यायला नव्हतं.

मी कसाबसा दारापर्यंत आलो. योहान चिंचेखाली उभा होता. त्यानं माझ्या सदऱ्यावरचा डाग पाहिला.

"देल्ला?"

"देल्ला."

"माफ केलं तू त्यायले?"

"नाही."

"त्यायनं तुले?"

"नाही."

योहाननं डागाला बोट लावलं. मग म्हणाला, "मंग मले काहून नाही?"

आतून गाणं संपत आलं होतं. मी म्हणालो, हे मास्तरले विचारू, आणि हात पुढे केला. त्यानं माझा दंड घट्ट धरला, आणि आम्ही आत निघालो. पुढच्या बाकांवरून माना वळल्या, कुजबूज झाली. दोघंही झोकांड्या खात येत होतो. एक जण खरंच प्यालेला होता, आणि दुसऱ्याला त्याच्याशिवाय चालता येत नव्हतं.